डोक्याचा मुका मार

"मी जेवले गं आई. झोप झाली नाही, म्हणून आवाज असा येतोय."

ओळीने चार दिवस मी हे वाक्य फोनवर ऐकलं आणि चारही दिवस खरं मानलं. गल्लीतल्या कुणाच्या घरी काय बिनसलंय ते मला दारातल्या रांगोळीवरून कळतं, असं आमच्या महिला मंडळात गमतीने म्हणतात. पोटच्या पोरीच्या आवाजातलं मात्र मला काही कळलं नाही!

आम्ही बार्शीचे. लेक पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कर्वेनगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर चार मुली कॉट बेसिसवर राहतात, त्यातली ही एक. बाकीच्या तिघींपैकी एक वाशीमकडची, एक चिपळूणची, एक नांदेडची. चौघींच्या आयांनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. माझ्याकडे घरमालकीणबाईंचा नंबर होता, मेसवाल्या काकांचा होता, कॉलेजच्या ऑफिसचाही होता. ज्या पोरींच्या उशाला उशी लावून माझी मुलगी रोज झोपते, त्यांच्यापैकी एकीचाही नव्हता.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी क्लास सुटल्यावर ती वर्गातल्या एका मुलाच्या गाडीवर मागे बसून रूमवर निघाली होती. वळणावर ओल्या रस्त्यावर वाळू सांडलेली, गाडी घसरली. त्याचा गुडघा सोलवटला. हिचं डोकं दुभाजकाच्या कडेवर आपटलं. हेल्मेट त्याच्या डोक्यावर होतं, हिच्या नव्हतं. रक्ताचा थेंब नाही, कानामागे बोराएवढं टेंगूळ, बस्स. कोपऱ्यावरची गजरे विकणारी बाई धावत आली, पाणी दिलं, म्हणाली, "दवाखान्यात जाऊन ये गं बाई, डोकं हाय ते." तेवढ्यात जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, कशाला, उगीच पोलिसांचं लचांड मागे लागेल. झालं! दोघांनी टपरीवर चहा घेतला आणि त्याने हिला रूमवर सोडलं.

रात्री दोनदा उलटी झाली. ती म्हणाली, वडापाव बाधला. डोकं ठणकत होतं, रूममेटच्या डब्यातली एक गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेली. फळ्याकडे बघवेना, ट्यूबलाइट डोळ्यांत घुसायला लागली. पुस्तकातली एकच ओळ चार-चारदा वाचायची आणि तरी डोक्यात काही शिरायचं नाही. मेसमधला भांड्यांचा आवाज सोसेना, म्हणून जेवणच टाळायला लागली. तरी मला फोनवर "जेवले गं".

पाचव्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "काकू, मी तिची रूममेट. मी फोन केलेला तिला आवडणार नाही, पण मला राहवत नाही..." वाशीमची पोर ती. सकाळी हिने दूध तापायला ठेवलं आणि त्याच्यासमोर उभी राहून ते उतू जाताना, करपताना नुसती बघत राहिली. मग "आज वार कोणता?" हे पाच मिनिटांत तीनदा विचारलं. त्या पोरीने मागचापुढचा विचार न करता तिला रिक्षात घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. फोन तिथूनच होता. फॉर्मवर नातेवाईक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं होतं तिने.

डॉक्टरांनी तपासलं, सीटी स्कॅन काढला. स्कॅन नॉर्मल. कागदावर लिहून दिलं – कन्कशन, विश्रांती, घरच्यांनी लक्ष ठेवावे. आणि तोंडी सांगितलं, "घरी जा." घर तिथून दोनशे किलोमीटरच्या आसपास!

मी रात्रीची एसटी पकडली. २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून निदान पैशांचा विचार करावा लागला नाही. हे दुकान सोडून लगेच निघू शकत नव्हते. टेंभुर्णी, इंदापूर... प्रत्येक थांब्यावर मी फोन करत होते आणि ती वाशीमची पोर प्रत्येक वेळी पहिल्याच रिंगला उचलत होती. पहाटे पोहोचले. लेक झोपली होती. डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडलं ते काय म्हणायला? "बस झालं आता शिक्षण, चल घरी." पाठोपाठ, "कुणाच्या गाडीवर बसली होतीस?"

कसं वाटतंय हे मी तिसऱ्यांदा विचारलं. हा क्रम मी मुद्दाम लिहितेय. इतरांच्या घरी जाऊन समुपदेशन करणारी बाई मी.

नंतर डॉक्टरांना गाठून नीट विचारून घेतलं. मी बी. ए. मराठीवाली, मला विज्ञानाचं फार कळत नाही, पण त्यांनी सोपं करून सांगितलं. आपल्याकडे मुका मार म्हणतात ना, वरून काही दिसत नाही पण आत ठणका असतो, तसाच हा मेंदूला बसलेला मुका मार. डोकं जोरात आपटलं किंवा नुसतं जोराने हिसकलं तरी कवटीच्या आत मेंदू हादरतो आणि त्याचं कामकाज काही काळ बिघडतं. त्यासाठी बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही, बहुतेक जण पडतही नाहीत. मग स्कॅनमध्ये का दिसलं नाही? तर सीटी स्कॅनमध्ये दिसतो तो रक्तस्राव, दिसतं ते हाड मोडलेलं. मेंदूच्या कामात झालेली गडबड त्यात दिसत नाही. म्हणजे स्कॅन नॉर्मल आल्याचा अर्थ मोठा धोका दिसत नाही एवढाच. पोरगी बरी आहे, असा त्याचा अर्थ नव्हे.

आणि हे फक्त आमच्या पोरीचंच नाही. आमच्या घरी क्रिकेट म्हणजे देव, त्यामुळे एक गोष्ट मला माहीत होती पण तिचा अर्थ आत्ता कळला. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला जोफ्रा आर्चरचा बाउन्सर मानेवर बसला. तपासण्यांत पास झाला म्हणून तो पुन्हा येऊन खेळलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो डोकेदुखी आणि गुंगी घेऊनच. मग त्याला बाहेर बसवलं आणि त्याच्या जागी लाबुशेन आला. त्याच महिन्यापासून असा बदली खेळाडू घ्यायची परवानगी मिळाली होती. पुढे डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला आणि त्याच्या जागी चहल उतरला, तेही याच नियमाने. दुखणं दुसऱ्या दिवशी वर येऊ शकतं हे तिथे डॉक्टरांच्या ताफ्याला माहीत असतं. चार पोरींच्या खोलीत ते कोण सांगणार? आणि सबमिशनला, प्रॅक्टिकलला बदली खेळाडू कुठून आणणार?

तर मी नऊ दिवस त्या खोलीत राहिले. मालकीणबाई आधी म्हणाल्या, पाहुणे चालत नाहीत. मग दिवसाला दीडशे रुपये जास्त घेऊन चालले! खाली सतरंजी टाकून झोपायचे. त्या नऊ दिवसांत माझे बरेच समज मोडीत निघाले.

पहिला समज, डोक्याला लागलेल्या माणसाला झोपू द्यायचं नाही. मी पहिल्या रात्री तिला दर अर्ध्या तासाने गदागदा हलवत होते. डॉक्टर हसले. म्हणाले, झोप हेच औषध आहे, झोपू द्या. मात्र मार लागल्यापासूनचे पहिले एक-दोन दिवस शेजारी कुणीतरी हवंच. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तेवढ्या वेळाने हाक मारायची, नीट ओळखून उत्तर देते का पाहायचं. डोकेदुखी वाढतच गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, जागं करूनही जाग येईना, बोलणं अडखळायला किंवा असंबद्ध व्हायला लागलं, हातापायातली ताकद गेल्यासारखी वाटली, झटका आला, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, नाका-कानातून पाण्यासारखं किंवा रक्त आलं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करायचा. तेव्हा रात्रीचे किती वाजलेत हे बघायचं नाही, आणि "सकाळी बघू" तर मुळीच म्हणायचं नाही. आमच्या पोरीला पहिल्या रात्री दोन उलट्या झाल्या होत्या. शेजारी तिघी होत्या, पण काय बघायचं हे तिघींनाही ठाऊक नव्हतं आणि हिने पडल्याचं सांगितलंच नव्हतं. तो विचार मनात आला की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

दुसरा समज गोळीचा. डोकं दुखतंय, घे एक गोळी, हे आपल्या घरोघरी चालतं. पण डोक्याला मार लागल्यावर सुरुवातीला अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. आत रक्त येत असेल तर ते वाढू शकतं. पॅरासिटामॉल चालते, तीही विचारून. हिने कोणती गोळी घेतली होती, ते पाकीट आम्ही नंतर कचऱ्यात शोधलं. सापडलं नाही.

आणि तिसरं म्हणजे अंधार. खिडक्यांना मी माझ्या साड्या लावल्या, मोबाइल काढून घेतला, "पडून राहा" म्हणाले. शिवाय ब्राह्मीच्या तेलाने डोकं रगडायला निघाले होते, ते तिने रडून थांबवलं. डॉक्टर म्हणाले, पूर्वी असंच सांगायचे, आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत. आता तसं नाही. या विषयातले जगभरचे तज्ज्ञ २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जमले होते. त्यांचं म्हणणं, पहिले एक-दोन दिवस आराम, स्क्रीन कमी, आणि मग हळूहळू चालणं-फिरणं, थोडं थोडं काम सुरू करायचं. फार त्रास वाढला तर तिथेच थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. म्हणजे वीट वीट करत भिंत उभी करायची. पुरतं बरं होईपर्यंत डोक्याला पुन्हा मार बसता कामा नये, हे मात्र त्यांनी दोनदा बजावलं. गाडी नाही, खेळ नाही.

मग आमचं सुरू झालं. सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचं. दुपारी पंधरा मिनिटं पुस्तक. मी मोठ्याने वाचायची आणि ती डोळे मिटून ऐकायची. मला त्या सर्किटांमधलं ओ की ठो कळत नव्हतं, माझे इंग्रजी उच्चार ऐकून ती हसायची. आजारपणात तिचं पहिलं हसू मी असं मिळवलं.

पण दर वेळी हसू नसायचं. आमची शांत पोर खेकसायला लागली होती. चमचा पडला तरी ओरडायची आणि मग ओरडले म्हणून रडायची. मी आधी म्हटलं, पुण्याचं पाणी लागलं! तेही दुखण्यातलंच असतं, चिडचिड, रडू, झोप बिघडणं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी दोन-तीन वेळा तिला उलट बोलले ते बोलले नसते.

तिसऱ्या रात्री अंधारात ती आपणहून बोलली. "आई, मला भीती डोक्याची नव्हतीच गं. तू काय म्हणशील याची होती. मागे मावशीच्या शेजारच्या मुलीचा हात मोडला होता ना हॉस्टेलवर, तेव्हा तू म्हणालीस, मुलींना लांब ठेवलं की हे असं. मी तिथेच बसले होते. आणि मी एका मुलाच्या गाडीवर होते. तुम्ही मला परत नेलं असतं."

मी काय बोलणार? आल्या आल्या तेच तर म्हणाले होते.

आपल्या गावांतून आता मुली शिकायला बाहेर पडतात. वर्षाला आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस वगैरे घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०२४ पासून राज्य सरकारने माफ केली, तेव्हा आम्ही मंडळात पेढे वाटले. पण मुलगी बाहेर पडते ती एका अटीवर, काही झालं की परत! अट कुणी कागदावर लिहीत नाही, पण प्रत्येक मुलीला ती पाठ असते. मग ती ताप लपवते, पडलेलं लपवते, मेसचं अन्न बाधलेलं लपवते. आपण समजतो, पोरगी किती समजूतदार, काही कुरकुर नाही. अपघातानंतर चार दिवस तीच "समजूतदार" पोरगी एकटी, दुखऱ्या डोक्याने, रस्ता ओलांडून कॉलेजला जात होती.

आणि एक सांगते, थोडं विषयाला सोडून वाटेल. माहेर सुटलेली प्रत्येक बाई घरापासून लांबच राहत असते. पुण्याहून परतल्यावर मला आमच्या बचत गटातली एक बाई आठवली. दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून पडले म्हणायची. मोरी की आणखी काही, ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. त्यानंतर महिना-दोन महिने ती म्हणायची, डोकं गरगरतं, हिशेब लागत नाही, उन्हात उभं राहवत नाही. सासू म्हणायची, कामाचा कंटाळा. आम्ही गटात तिच्याकडून वही काढून घेतली, चुका करते म्हणून. दवाखान्यात न्यावं हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही. वरून काही दिसत नव्हतं ना! परवा मी तिच्या घरी जाऊन आले. वही पुन्हा तिच्याकडे द्यायची असं ठरलंय. डोकं अजून दुखतं का, विचारलं. तर म्हणाली, "ताई, पहिल्यांदाच कुणी विचारलं."

लेकीला पुरतं बरं वाटायला दीड महिना लागला. बऱ्याच जणांना दोनेक आठवड्यांत वाटतं, काहींना महिना, काहींना आणखी जास्त. हिच्या एका परीक्षेचं हुकलं. विभागातले एक सर म्हणाले, "दिसायला तर ठणठणीत आहे." प्लास्टर असतं तर दिसलं असतं! डॉक्टरांचं पत्र घेऊन मी स्वतः तीन चकरा मारल्या, तेव्हा फेरपरीक्षा मिळाली. आई बरोबर नसलेल्या मुलीने काय केलं असतं?

तो मुलगा भेटायला आला होता. गुडघ्यावर खपली, मान खाली. दवाखान्यात का नेलं नाहीस म्हटल्यावर म्हणाला, पोलिसांना घाबरलो. गाडी चालवणारा तो, त्याची भीती मला समजते, पण जबाबदारीही त्याचीच होती. बघ्यांना मात्र भ्यायचं कारण नव्हतं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४ए आलं. अपघातातल्या माणसाला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यापायी दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याला नाव-पत्ता सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. त्या गजरेवाल्या बाईला हे कुणी सांगितलं असतं, तर तिने हिला ओढत दवाखान्यात नेलं असतं, अशी माझी खात्री आहे. पुण्यात असताना तिला शोधून भेटून आले. तिने पैसे घेतले नाहीत, वर एक गजरा दिला.

घरी ह्यांना सगळं सांगायचं होतं, गाडीवरच्या मुलासकट. रात्रभर हे काही बोलले नाहीत. मला वाटलं, झालं आता शिक्षण. सकाळी दुकान उघडायच्या आधी बाहेर गेले आणि दोन हेल्मेट घेऊन आले. म्हणाले, "मागे बसणाऱ्यालाही लागतं, कायदा आहे. पाठव." मी म्हटलं, दोन कशाला? "एक तिला. एक वाशीमच्या पोरीला."

आता चारही आयांचे नंबर चौघींकडे आहेत. खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, १०८, जवळचं हॉस्पिटल, आणि वर लिहिलेली ती सगळी लक्षणं, मराठीत, मोठ्या अक्षरात. लेकीशी बोलताना मी "जेवलीस का?" आधी विचारत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

आणि मग लक्षात आलं, आमच्या बार्शीतही आसपासच्या खेड्यांतल्या किती मुली खोल्या करून राहतात! त्यांच्या आया माझ्यासारख्याच लांब. मागच्या रविवारी आम्ही मंडळाच्या तिघी एका वसतिगृहात गेलो, तसाच कागद घेऊन. रेक्टरबाईंना विचारलं, एखादी पोर डोक्यावर पडली, तर रात्री तिच्याजवळ कोण? त्या म्हणाल्या, मी सातला घरी जाते, पालकांना कळवू. दहा-बारा मुली गप्प उभ्या होत्या. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून, पीठ लागलेले हात तसेच ठेवून स्वयंपाकाच्या मावशी पुढे आल्या.

"मी रात्रीची इथंच असते की. मला वाचता येत नाही, पण सांगा एकेक, काय काय बघायचं ते."

आम्ही तिथेच सतरंजीवर बसलो. मावशींनी दोनदा सगळं पाठ म्हणून दाखवलं.